हॅलोविनचं थरांचं कॉकटेल घरी करताय? रंग नंतर, आधी वजन बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: ३१ ऑक्टोबरला मुलुंडच्या फ्लॅटवर बारा मित्रमैत्रिणींची हॅलोविन पार्टी आहे, एका परदेशी व्हिडिओत बघून खाली लाल ग्रेनेडिन (डाळिंबाचं सिरप), मध्ये संत्र्याचा ज्यूस आणि वर १५ मिली ब्लू कुरासाओ अधिक ४५ मिली व्होडका असं तीन रंगांचं कॉकटेल करून बघितलं, मापं अगदी तीच, पण निळा थर वर थांबलाच नाही, सरळ खाली घुसला आणि दोन मिनिटांत ग्लासभर शेवाळी पाणी झालं. हात थरथरतो म्हणून होतंय, की खास बारवाला चमचा लागतो?

हात ठीक आहे, चमचाही ठीक आहे, गडबड बाटलीत आहे. आपल्याकडे सुपरमार्केटात किंवा ऑनलाइन ब्लू कुरासाओ म्हणून जी निळीशार बाटली मिळते ती बहुतेक वेळा सिरप असते, त्यात अल्कोहोलचा थेंब नसतो आणि साखर मात्र ठासून भरलेली. व्हिडिओतल्या माणसाकडे असतं ते लिकर, म्हणजे गोड मद्य, कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावरून नाव पडलेलं, मूळचं तिथल्या कडू संत्र्यांच्या सालीचं, त्यात साखर आहे पण जोडीला अल्कोहोलही आहे. रंग सेम, नाव सेम, वजन एकदम वेगळं. आणि थरांच्या कॉकटेलमध्ये वजनच सगळं ठरवतं, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे, खरंच सोपं आहे.

हिशोब करून बघा. १०० मिली पाणी म्हणजे १०० ग्रॅम. आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची व्होडका १०० मिलीला साधारण ९४-९५ ग्रॅम भरते. संत्र्याचा ज्यूस १०४-१०५. ब्लू कुरासाओ लिकर ब्रँडप्रमाणे ११० च्या आसपास, आणि तेच सिरप असेल तर १२५ ते १३०. आता १५ मिली लिकर आणि ४५ मिली व्होडका एकत्र केली की मिश्रण येतं ९९ च्या आसपास, म्हणजे ज्यूसपेक्षा बऱ्यापैकी हलकं, ते आरामात तरंगतं. तुम्ही त्याच मापात सिरप घातलंत, तर मिश्रण गेलं १०३-१०४ वर, म्हणजे जवळजवळ ज्यूसच्या वजनाचं, मग ते वर का थांबेल, मिसळणारच. चमचा चांदीचा आणलात तरी मिसळणार.

सगळ्यात झटपट उपाय हवा असेल तर तीच बाटली ठेवा, फक्त सिरप १५ च्या ऐवजी ५ मिली घ्या. निळा रंग ५ मिलीतही भरपूर येतो आणि मिश्रण परत ९८ वर उतरतं. एवढ्याने तुमचं काम आजच होईल. पण मला विचाराल तर हॅलोविनसाठी याहून कितीतरी सुंदर गोष्ट आपल्याकडे कुंडीत उगवते, ती पुढे सांगते.

आधी मूळ नियम. साखर जड करते, अल्कोहोल हलकं करतं. एवढंच. बारमध्ये जो बी-५२ नावाचा शॉट मिळतो त्यात खाली कॉफी लिकर, मध्ये आयरिश क्रीम (व्हिस्की आणि सायीचं लिकर) आणि वर संत्र्याचं लिकर असतं, ते दिसायला छान म्हणून त्या क्रमाने नाही, तर कॉफी लिकरमध्ये साखर सर्वात जास्त आणि वरच्या संत्र्याच्या लिकरमध्ये अल्कोहोल सर्वात जास्त म्हणून. १९ व्या शतकात पूस-कॅफे म्हणून जेवणानंतर असे थरांचे ग्लास देत, तिथेही हेच. आणि आपला फालुदा आठवा, खाली गुलाबाचं सिरप, वर दूध, फालुदावाला कधी चमचा उलटा धरत बसत नाही, सिरप जड असतं म्हणून आपोआप खाली राहतं.

आता प्रत्येक बाटलीवर काही वजन लिहिलेलं नसतं, आणि इंटरनेटवरचे तक्ते परदेशी ब्रँडचे असतात, ते आपल्या बाटल्यांना लागू पडतीलच असं नाही. म्हणून मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा एकच काम देते, किचनमधला डिजिटल वजनकाटा काढा आणि एक कटिंग चहाचा ग्लास घ्या. ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, वजन लिहा. मग तोच ग्लास पुसून काठोकाठ ज्यूस, मग सिरप, मग व्होडका, एकेक करून. मोजमाप मिलीचं करत बसायचं नाही, ग्लास तोच आणि भरायचा काठापर्यंत, म्हणजे चूक होत नाही. जे जास्त भरेल ते खाली, जे कमी भरेल ते वर, झाला तुमचा तक्ता. आणि हो, वजन करून झालेलं परत बाटलीत ओतता येतं, काही वाया जात नाही. दोन शेजारच्या थरांत १०० मिलीला किमान ५ ग्रॅमचा, म्हणजे त्याच ग्लासातल्या पाण्याच्या वजनाच्या पाच टक्के, फरक असू दे, हात बसेपर्यंत तरी. त्याहून कमी फरकावरही थर बसतात, पण त्याला सवय लागते आणि पार्टीच्या गडबडीत ते जमत नाही.

इथे एक गोष्ट मला अगदी आवर्जून सांगायची आहे कारण घरी करणारे ९९ टक्के लोक इथेच अडकतात. रेसिपीत हिरवं खाली दिलंय म्हणून हिरवं खालीच येतं असं नाही, रंगाला स्वतःचं वजन नसतं. रंगाची जागा तुम्ही ठरवायची, साखर कमी-जास्त करून. खस सिरप घ्या, छान गडद हिरवं, पण वजन १३० च्या जवळ, नुसतं ओतलं तर ग्लासच्या तळाला जाणार. तुम्हाला तेच मधल्या थरात पाहिजे, तर ३० मिली खस सिरपमध्ये ६० मिली अननसाचा ज्यूस घाला, ते ११३ च्या आसपास येतं, म्हणजे ग्रेनेडिनच्या वर आणि संत्र्याच्या खाली बरोबर बसतं, आणि अननसाच्या पिवळ्यामुळे हिरवा रंगही जरा विषारी दिसतो, हॅलोविनला तोच पाहिजे. एखादा थर हलका करायचा तर व्होडका किंवा पाणी, जड करायचा तर साखरेचा पाक. एकदा हे हातात आलं की व्हिडिओची गरजच उरत नाही, तुम्ही तुमचे रंग स्वतः लावाल.

आता जे कॉकटेल मी तुमच्या पार्टीसाठी करीन ते सांगते. खाली रक्तासारखा लाल, मध्ये भोपळी केशरी, वर गडद निळा आणि जिथे निळा नि केशरी भेटतात तिथे जांभळट धूसर पट्टा. अंदाजे ३०० मिलीचा उंच सरळ ग्लास घ्या, बुडाशी निमुळता असेल तर अजून चांगलं कारण थोडं सिरपही उंच दिसतं.

तळाचा लाल थर. बाजारातलं ग्रेनेडिन बरेचदा नुसतं साखर, रंग आणि इसेन्स असतं, वास कफ सिरपसारखा. मूळ ग्रेनेडिन डाळिंबाचं, आणि ज्या राज्यात सोलापूर-सांगोल्याची भगवी डाळिंबं गाडीवर मिळतात तिथे ते विकत आणायचं म्हणजे मला खरंच वाईट वाटतं. दाणे काढा, मिक्सरमध्ये अगदी दोन-तीन झटके द्या, जास्त फिरवलं तर बी फुटून कडवट होतं, मग गाळणीतून गाळून पुन्हा सुती फडक्यातून गाळा. २०० मिली रसाला २०० ग्रॅम साखर, मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत, उकळायचं नाही आणि पाक एकतारीवर तर मुळीच न्यायचा नाही, उकळलं की लाल रंग जाऊन विटकरी होतो आणि चवीला मोरावळ्यासारखं लागतं. अर्ध्या लिंबाचा रस पिळा, लाल अजून उघडतो. हे १२५ च्या आसपास भरतं. फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात टिकतं. डाळिंब सोलायचा कंटाळा असेल तर कोकणातून आणलेलं अमृत कोकम चालेल, रंग तर काय विचारूच नका, फक्त आधी चाखून बघा, बऱ्याच ठिकाणी त्यात जिरं आणि मीठ असतं, ते संत्र्याबरोबर सगळ्यांना आवडतंच असं नाही. मला आवडतं.

मधला केशरी. ऑक्टोबर अखेरीला नागपूरची संत्री बाजारात यायला लागलेली असतात पण जरा आंबट आणि फिकी, रस काढला तर पिवळटच दिसतो. म्हणून मी त्यात थोडा गाजराचा रस घालते, चार भाग संत्रं आणि एक भाग गाजर, चव कळत नाही पण रंग असा येतो की बास. पॅकेटचा ज्यूस घ्यायचा तर बिनपल्पचा घ्या. घरचा असेल तर फडक्यातून गाळायचाच, कारण रसातला गर हळूहळू वर चढतो आणि वरच्या थरात पांढरे तंतू लटकतात. एका ग्लासला ९० मिली हा रस, १० मिली लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. लिंबू सोडू नका, एक तर सिरपचा गोडपणा तोडायला लागतं आणि दुसरं म्हणजे वरच्या थराची जादू आंबटपणावरच चालते.

आणि वरचा थर, गोकर्ण. होय, आपल्या गॅलरीत, सोसायटीच्या कुंपणावर जो निळ्या फुलांचा वेल असतो तोच. त्याच्या पाकळ्यांत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, साध्या पाण्यात ते गडद निळं राहतं, आंबट लागलं की जांभळं होतं आणि खूपच आंबट झालं की गुलाबी. परदेशातले बार हीच फुलं बटरफ्लाय पी म्हणून कौतुकाने वापरतात. २०० मिली व्होडकात किंवा जिनमध्ये दहा-बारा सुकी फुलं टाकून झाकून ठेवा, दोन-तीन तासांत शाईसारखा रंग उतरतो, लगेच गाळून घ्या, रात्रभर ठेवलं तर पालेभाजीच्या पाण्याचा वास लागतो. ताजी फुलं असतील तर दुपटीने घ्या आणि देठाकडचा हिरवा भाग काढून टाका. पण फुलं घरच्या वेलाची किंवा खाण्यासाठी म्हणून पॅक केलेलीच घ्या, दादरच्या फुलबाजारातली देवाला ठीक आहेत, त्यांच्यावर कसली फवारणी झालीय सांगता येत नाही.

आता नुसती ४५ मिली व्होडका वर तरंगवली तर पाहुण्याच्या पहिल्याच घोटाला घशात जाळ होतो, थरांच्या कॉकटेलचा हा मोठा दोष आहे आणि व्हिडिओवाले तो कधी सांगत नाहीत. म्हणून ४५ मिली गोकर्ण-व्होडकात २० मिली थंडगार गोकर्णाचा काढा घालायचा, म्हणजे फुलं गरम पाण्यात भिजवून गार केलेलं पाणी, बिनसाखरेचं. रंग तसाच राहतो, तिखटपणा उतरतो आणि मिश्रण ९६-९७ च्या आसपास भरतं, खालच्या ज्यूसपेक्षा सात-आठ ग्रॅमने हलकं. साखर घालण्याचा मोह टाळा, साखर जास्त झाली की पुन्हा शेवाळी पाणी.

लावायचं कसं. सगळं फ्रीजमध्ये चांगलं दोन तास गार केलेलं पाहिजे, व्होडका फ्रीझरमध्ये. थंड द्रव जाडसर होतो, हळू मिसळतो, शिवाय बर्फ कमी वितळतो. २० मिली डाळिंबाचं सिरप आधी, ग्लासच्या बाजूला न लागू देता मधोमध, बाजूला लागलं तर लाल ओघळ दिसतात, अर्थात हॅलोविनला काही जणांना तेच आवडेल. मग बर्फ, ग्लास पूर्ण भरून, मोठे खडे. बर्फ इथे दोन कामं करतो, गार ठेवतो आणि ओतलेल्या धारेचा वेग मोडतो, म्हणून बर्फाने भरलेल्या ग्लासात नवशिक्यालाही थर जमतात. त्यावर रस, सावकाश, बर्फाच्या खड्यावर धार धरून. मग वरचा निळा, आणि इथे मात्र घाई नको, फालुद्याचा लांब चमचा असेल तर तो उलटा करून रसाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवा आणि त्याच्या पाठीवर बारीक धार सोडा. त्याहून सोपं सांगू का, सँडविचवाल्याकडे चटणी-सॉसची जी प्लॅस्टिकची टोकदार बाटली असते ती आणा, नवी हो, त्यात निळं मिश्रण भरा आणि सर्वात वरच्या बर्फाच्या खड्यावर हलकेच पिळा, थेंब थेंब पसरत जातं. कामावर गर्दी असली की मीही बाटलीच वापरते.

बर्फाबद्दल अजून थोडं, कारण आपण मुंबईत आहोत आणि ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते सांगायला नको. फ्रीझरमधून काढून बादलीत अर्धा तास पडलेला बर्फ ओला असतो, त्याच्या अंगावरचं पाणी थरांच्या मध्ये शिरतं आणि सगळ्या कडा पुसट करतं. ओला बर्फ वापरायचाच असेल तर चाळणीत झटकून घ्या. चुरा केलेला बर्फ फोटोत छान दिसतो पण पाच मिनिटांत गेला. नीट गार केलेल्या ग्लासात थर दहा-पंधरा मिनिटं स्वच्छ राहतात, नंतर कडा मऊ होतात, म्हणून आधी बारा ग्लास पूर्ण तयार करून ओट्यावर रांगेत ठेवायचा विचार करू नका. सिरप आधी घालून ग्लास ट्रेमध्ये फ्रीजला ठेवा, रस जगमध्ये, निळं बाटलीत, आणि बेल वाजली की बर्फ, रस, निळं, एक ग्लास मिनिटभरात होतो. आणि ज्याच्यासाठी करताय त्याच्या समोर करा, लिंबाची फोड त्याच्या हातात द्या, त्याने वर दोन थेंब पिळले की निळ्याचं जांभळं होताना बघून मोठी माणसंही ओरडतात.

काळा रंग पाहिजे असेल, आणि हॅलोविनला पाहिजेच असतो, तर ॲक्टिव्हेटेड चारकोल वापरू नका. इंटरनेटवर सगळीकडे दिसतो, रंगही भयंकर सुंदर येतो, पण त्या कोळशाचा गुणच असा की पोटात जे असेल ते धरून ठेवतो, म्हणून तर हॉस्पिटलमध्ये विषबाधेवर देतात. तुमच्या पाहुण्यांपैकी कोणी बीपीची, थायरॉईडची किंवा गर्भनिरोधक गोळी घेऊन आलं असेल तर तिचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि पार्टीत कोण कोणाला अशा गोष्टी सांगतं. न्यूयॉर्क शहराने २०१८ मध्ये हॉटेलांना खाण्यापिण्यात तो वापरायला बंदी केली. त्यापेक्षा नाशिकची ड्राय रेड वाइन घ्या, शिराझ सर्वात गडद. ड्राय वाइनमध्ये साखर नगण्य, म्हणून ती पाण्याहून किंचित हलकी असते आणि संत्र्याच्या रसावर मस्त तरंगते, ३० मिली पुरे. केशरीवर जवळजवळ काळपट लाल थर, मंद दिव्यात तर काळाच दिसतो. न्यूयॉर्क सावर नावाचं व्हिस्कीचं जुनं कॉकटेल आहे त्यात वाइन अशीच वर सोडतात. फक्त ती स्वस्तातली गोड पोर्ट वाइन नको, ती साखरेमुळे जड असते, खाली जाते. आणि वाइनच्या थराखालच्या रसात व्होडका मिसळायची असेल तर ३० मिलीच्या पुढे जाऊ नका, रस हलका होतो आणि वाइनला टेकू राहत नाही.

धूर. तुम्ही विचारलं नाहीये पण हॅलोविन म्हटलं की कोणीतरी ड्राय आइस आणतंच, म्हणून सांगते आणि हे कृपया गंभीरपणे घ्या. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा, तो तोंडात किंवा पोटात गेला तर आतून जाळतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका कॅफेत पाहुण्यांना जेवणानंतर मुखवास समजून ड्राय आइस दिला गेला, पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या आणि दवाखान्यात न्यावं लागलं. अंधारात, दोन पेग झालेला माणूस ग्लासच्या तळाशी काय आहे ते बघत नाही. ग्लासात कधीही टाकू नका. धूर हवाच असेल तर मोठ्या परातीत कोमट पाणी आणि ड्राय आइस, आणि त्या परातीत मधोमध वेगळ्या भांड्यात पंच, धूर भांड्याभोवती वाहतो, पिण्यात काही जात नाही. चिमट्याने उचलायचा, झाकणबंद डब्यात ठेवायचा नाही, फुटतो, आणि खिडकी उघडी ठेवायची, एसी लावून बंद खोलीत हा वायू जमिनीलगत साठतो.

त्यापेक्षा स्वस्त आणि निर्धोक भुताटकी म्हणजे टॉनिक वॉटर. त्यात क्विनाइन असतं आणि ते यूव्ही दिव्याखाली निळसर चमकतं, अगदी खरंखुरं चमकतं. लॅमिंग्टन रोडला यूव्हीची एलईडी पट्टी मिळते, ती टेबलाच्या कडेला लावा आणि एक साधं जिन-टॉनिक ठेवा. थरांच्या ग्लासात मात्र टॉनिक नको, त्यात साखर असते आणि बुडबुडे सगळं ढवळून टाकतात.

सजावटीला डबाबंद लिची काढा, बी काढलेल्या पोकळीत काळं द्राक्ष किंवा काळा मनुका खोचा, काडीला टोचून ग्लासवर आडवं ठेवा, डोळा तयार. उन्हाळा असता तर मी ताडगोळा सांगितला असता, त्यासारखा डोळा दुसऱ्या कशाचा होत नाही. ग्लासच्या काठाला रक्त हवं तर लिक्विड ग्लुकोजमध्ये लाल जेल कलर मिसळून काठ बुडवा आणि ग्लास सरळ उभा करा, ओघळ आपोआप उतरतात, या दोन्ही गोष्टी क्रॉफर्ड मार्केटला केकच्या सामानाच्या दुकानात मिळतात. आयरिश क्रीम या कॉकटेलच्या आसपासही आणू नका, लिंबू-संत्र्याच्या आंबटाने ते फाटतं.

जे पीत नाहीत त्यांच्यासाठी, आणि कोणाची मुलं येणार असतील तर त्यांच्यासाठी, हाच ग्लास हुबेहूब होतो. वरच्या थराला नुसता गोकर्णाचा थंड काढा, साखर न घालता. पाणी १००, रस १०५, तरंगतोच, फक्त जरा जास्त हळू ओता. पण दिसायला दोन्ही सारखेच असल्याने गोंधळ होऊ शकतो, म्हणून बिनदारूचे ग्लास वेगळ्या आकाराचे घ्या, स्ट्रॉचा रंग बदलून भागत नाही, स्ट्रॉ अदलाबदल होतात. आणि व्होडका-जिनसारख्या कडक दारूसाठी महाराष्ट्रात वय २५ लागतं आणि परमिट लागतं, कॉलेजातली भावंडं येणार असतील तर त्यांना हाच दुसरा ग्लास द्या.

प्यायचं कसं हे पाहुण्यांना सांगा. आधी बघा, फोटो काढा, वरून एक घोट घ्या, मग चमच्याने तळापासून ढवळा. ढवळल्यावर रंग तपकिरी-लालसर होतो, सुंदर वगैरे राहत नाही, पण मापं मी त्या ढवळलेल्या चवीसाठीच धरली आहेत, गोड-आंबट-किंचित कडसर, टकीला सनराइझ या टकीला, संत्रं आणि ग्रेनेडिनच्या कॉकटेलच्या जवळ जाणारी. न ढवळता प्यायलं तर आधी नुसती दारू आणि शेवटी नुसता पाक.

सामानाचा हिशोब बारा जणांना दोन-दोन ग्लास धरून: गोकर्ण-व्होडका १०८० मिली, म्हणजे ७५० च्या दोन बाटल्या, थोडी उरेल. गोकर्णाचा काढा अर्धा लिटर. संत्रं-गाजराचा रस सव्वादोन लिटर, त्यात लिंबाचा रस २४० मिली, साधारण डझनभर लिंबं. डाळिंबाचं सिरप अर्धा लिटर, ते दोन दिवस आधी करून ठेवा. फुलं त्याच दिवशी दुपारी व्होडकात टाका. रस संध्याकाळी काढा, सकाळी काढलेला कडू होतो. बर्फ आठ किलो तरी मागवा, आणि तो पाहुणे यायच्या अर्धा तास आधीच घरी येईल असं बघा, फ्रीझर आधी रिकामा करून.